दहा बोल्ट, सूर्याच्या वाटेने

केल्प कोव्ह, केप ब्रेटन
२३ मार्च १९७६

प्रिय इफी आत्या,

नमस्कार. तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी तुमच्या धाकट्या भावाचा, ॲलनचा मुलगा डूगल्ड. आई-बाबा ऑन्टारियोला मोटारींच्या कारखान्यात गेले तेव्हापासून मी लॉखी काकांकडे राहतो आणि त्यांच्या बोटीचं इंजिन सांभाळतो. माझी शाळा आठवीत सुटली, म्हणून चुकलं तर माफ करा. पण हे पत्र मी दोनदा कच्चं लिहून मग उतरवलं आहे.

तुम्ही तीस वर्षं बसगाड्यांच्या गॅरेजात डिझेल इंजिनं उघडता-जोडता असं टपालाच्या टेरेसाबाईंनी सांगितलं. फोनच करणार होतो, पण इंजिनांच्या आवाजाने तुमचे कान गेले असंही त्यांनीच सांगितलं.

अडचण अशी आहे. आमचं इंजिन चार सिलिंडरचं, जुनं, माझ्याहून दोन वर्षांनी मोठं. गेल्या हंगामात वरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं, पातळ गॅस्केट दोनदा फुटलं. दोन्ही वेळा एकाच जागी, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये. पाण्यात बुडबुडे, पांढरा धूर आणि बोटीला ओढच नाही. दोन्ही वेळा काकांनी नवीन गॅस्केट घालून स्वतःच्या हाताने बोल्ट आवळले. काका बोल्ट आवळतात म्हणजे पान्याला लांब नळी लावतात आणि तोंडातून 'हं' असा आवाज येईपर्यंत ओढतात. तो आवाज आला की झालं.

शेवंडांचे पिंजरे टाकायचा दिवस यंदा मे महिन्याचा पहिला सोमवार. त्या दिवशी पहाटे जी बोट धक्क्यावर राहिली तिच्या पिंजऱ्यांच्या जागा दुसरे घेतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. काका म्हणाले, "त्याआधी हे नीट झालं नाही तर बोट शेटीकॅम्पच्या विल्फ्रेड दूसेला देतो आणि तुला गाडीत बसवून बापाकडे पाठवतो." विल्फ्रेड परवा येऊन बोटीची लांबी पावलांनी मोजून गेला. काकांनी त्याला चहा दिला.

मला ऑन्टारियोला जायचं नाही. मला हेच इंजिन हवं आहे. माझं काय चुकतं आहे ते कळेल का? तुम्हाला लिहिल्याचं काकांना सांगितलेलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांना का लिहीत नाही ते मला माहीत नाही, आणि विचारणं बरं दिसणार नाही.

आपला,
डूगल्ड


वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स
३० मार्च

डूगल्ड बाळा,

पहिली गोष्ट, मला 'तुम्ही' म्हणू नकोस. गॅरेजातले परवा आलेले पोरगेसुद्धा मला 'ए इफी' म्हणतात, आणि तू तर माझ्या ॲलनचा. दुसरी गोष्ट, टेरेसाला सांग की माझे कान तिच्याएवढे मोठे कधीच नव्हते, म्हणून गेले.

लॉखी काय म्हणतो ते बाजूला ठेव. तो लहानपणी घड्याळसुद्धा 'हं' करून चावी द्यायचा; आईची दोन घड्याळं त्याने संपवली.

आता काम. एकच गॅस्केट एकाच जागी दोनदा फुटतं तेव्हा दोष गॅस्केटचा नसतो. मला एवढं बघून सांग. हेडचा तळ वाकला आहे का? सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून काय सरकतं ते बघ. बोल्टांची भोकं तळापर्यंत स्वच्छ आहेत का? भोकात पाणी किंवा तेल साठलेलं असलं की बोल्ट त्यालाच दाबत बसतो. तुला वाटतं घट्ट झाला, आणि हेड मात्र तसंच सैल. शिवाय खालचा ब्लॉक फुटायची भीती वेगळीच. बोल्टाच्या आट्यांना आणि टोपीखाली तेलाचा नुसता हात लावायचा. गॅस्केटची 'वर' लिहिलेली बाजू वर आहे का, हेही बघ. हसू नकोस, मी स्वतः एकदा उलटं घातलं आहे, आणि ती बस महापौरांना घेऊन जाणार होती.

सोबत माझा काट्याचा पाना पाठवते. ओढशील तसा काटा सरकतो आणि जोर किती लागला ते आकड्यात दाखवतो. तुझ्या इंजिनाला ११० लागतील. एकदम ओढू नकोस. सगळे बोल्ट आधी ४०, मग सगळे ७५, मग सगळे ११०. पाना माझा आहे, नळी लावशील तर बघ.

आत्या इफी


केल्प कोव्ह
८ एप्रिल

प्रिय इफी आत्या,

तुझं पत्र आणि पाना मिळाला. पार्सल टेरेसाबाईंनी काकांच्याच हातात दिलं, त्यामुळे लपवायचं काही उरलं नाही. काकांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, पाना हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाले, "जोर काटा बघून लावायचा, तर देवाने हात कशाला दिले?" मग काटा माझ्याकडे वळवून त्यांनी एक बोल्ट अंदाजाने 'हं' होईपर्यंत ओढला. काटा १०८ वर होता. गेले तीन दिवस धक्क्यावर येईल त्याला ते १०८ सांगत आहेत.

तू सांगितलेलं सगळं केलं. हेड सरळ आहे. पट्टीखालून सिगारेटचा कागदसुद्धा गेला नाही. मी सव्वीस ठिकाणी तपासलं. गॅस्केटची बाजू बरोबर होती. भोकांत मात्र तू म्हणालीस तसंच निघालं. दहापैकी सहा भोकं ग्रीसने काठोकाठ भरलेली. खारं पाणी आत जाऊ नये म्हणून काका दर वेळी भरतात. आमच्याकडे मिठाला भिऊन सगळ्यालाच ग्रीस लावतात. दाराच्या कड्यांना, बुटांना आणि एकदा रागाच्या भरात टेरेसाबाईंच्या मांजराला. मी काडीला चिंधी गुंडाळून सहाही भोकं कोरडी केली आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. काका म्हणाले, "गंजलं तर तुझ्या आत्याला चाटायला बोलाव."

सापडलं असं वाटून मला इतका आनंद झाला की मी दुपारी जेवलो नाही. मंगळवारी हेड बसवलं. बोल्ट सैल करायचे असतात तेव्हा काका शेडच्या बाहेर जाऊन उभे राहतात, पण आवळायच्या वेळी शेजारी असतात आणि मोजतात. आधी ४०, मग ७५, मग ११०. नळी लावली नाही.

इंजिन दोन तास सुंदर चाललं. मग पाण्यात बुडबुडे आले. तीच जागा.

आत्या, मी घरात चार गॅस्केटं आणून ठेवली होती. आता एक उरलं आहे, आणि नवीन हॅलिफॅक्सहून यायला तीन आठवडे लागतात. म्हणजे एकच संधी. मी रात्रभर आठवून प्रत्येक बोल्ट कधी आणि किती आवळला ते लिहून काढलं आहे, आणि चित्रही काढलं आहे. चित्रातला आकडा म्हणजे कितवा बोल्ट. चित्र जरा वाकडं आलं आहे, हेड सरळ आहे.

डूगल्ड


वॉल्थम
१४ एप्रिल

डूगल्ड,

तुझं चित्र उघडलं आणि मी अशी हसले की माझा नवरा डॉमिनिक स्वयंपाकघरातून धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही, सापडलं.

पहिला बोल्ट डाव्या कोपऱ्यात. दुसरा त्याच्या शेजारी. मग तिसरा, चौथा, आणि असंच कडेकडेने घड्याळाच्या काट्यांसारखं उजवीकडे फिरत दहावा येऊन पहिल्याला भेटला. सूर्याच्या वाटेने. अरे, माझ्या वडिलांचा हात दिसला मला त्यात. ताकाची रवी, गवताची गंजी, बोटीचं तोंड, सगळं सूर्य फिरतो तसंच फिरवायचं. उलटं फिरवलं की वाईट होणार. तू हे मला सांगितलं नाहीस, कारण दुसरी काही रीत असू शकते हेच तुला ठाऊक नाही. आणि मी विचारलं नाही, कारण मी विसरले होते. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा आठवलं.

आता नीट ऐक. तुमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर मेणकापड आहे ना? ते घालताना आधी कडेने चारी बाजूंनी खिळे मारले तर काय होतं? मध्ये फुगा राहतो, आणि तो फुगा जन्मभर कुठे जात नाही. म्हणून मधला खिळा आधी, आणि मग सुरकुती बाहेर ढकलत ढकलत कडेला यायचं. हेडचं तसंच आहे. तुम्ही कडा आधी दाबता, मधल्या गॅस्केटला पसरायला वाट राहत नाही, आणि मधेच ते फुटतं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. सुरुवात मधल्या दोन बोल्टांपासून करायची आणि आलटून पालटून, इकडून तिकडे, टोकांकडे जायचं. एवढंच.

लॉखी ऐकणार नाही. तर असं कर. रविवारी ईस्टर आहे. तो दोन तास चर्चमध्ये असेल. तू पोट दुखतंय म्हणून घरी राहा आणि बोल्ट आवळून घे. सूर्य त्याचं काम करील, तू तुझं कर.

इफी


केल्प कोव्ह
२१ एप्रिल

प्रिय आत्या,

मेणकापडाचं लगेच पटलं. आमच्या मेणकापडात मधोमध फुगा आहे. काकांनीच घातलं आहे.

पण ईस्टरला मी तसं केलं नाही. पोटात खरंच दुखत होतं, तरी चर्चमध्ये गेलो. खोटं बोलून बसवलेलं इंजिन समुद्रावर न्यायचं धैर्य मला झालं नसतं. आणि उरलेलं एकच गॅस्केट आहे. हात चुकला की ते गेलं.

म्हणून जेवण झाल्यावर मी काकांना सरळ सांगितलं. मेणकापडाचं उदाहरण दिलं, फुग्यावर उभं राहून दाखवलं. त्यांनी पाइप साफ केला. मग म्हणाले की मधून सुरुवात करायला त्यांची हरकत नाही, पण इकडून तिकडे उलटसुलट नाही. त्यांच्या बोटीवर कुठलीच वस्तू सूर्याच्या उलट जाणार नाही. बोल्टसुद्धा सूर्याच्या वाटेनेच आवळतो, मग आवळणाऱ्याने उलटं का जावं. मी म्हटलं, काका, आत्या म्हणते ह्या सगळ्या जुन्या समजुती आहेत.

तेव्हा ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहितो. कदाचित लिहू नये. पण तुझ्यापासून लपवलं तर तू मला बरोबर उत्तर देऊ शकणार नाहीस.

"तिला काय माहीत," म्हणाले. "त्रेचाळीस सालच्या नोव्हेंबरात तिला मीच बोटीने पोर्ट हूडच्या गाडीला सोडलं. ती बुटांसाठी परत घरात गेली, उशीर झाला. वळव लवकर, वळव लवकर, म्हणून ओरडत होती. मी सुकाणू उलटं टाकलं. आयुष्यात एकदाच. सगळी खाडी बघत होती. ती परत आली का?"

मी म्हटलं, तिला पत्र तरी लिहायचं. म्हणाले, "काय लिहू? माझ्यामुळे गेलीस असं?" आणि पिंजऱ्यांना दोऱ्या बांधायला निघून गेले.

आत्या, मला वाटत होतं ते तुझ्यावर रागावले आहेत.

आता मी काय करू ते कळत नाही. इंजिन म्हणतं इकडून तिकडे, काका म्हणतात सूर्याच्या वाटेने. दोघंही जुने आहेत आणि दोघंही ऐकत नाहीत. विल्फ्रेड काल पुन्हा आला होता. बारा दिवस उरले.

डूगल्ड


वॉल्थम
२६ एप्रिल

डूगल्ड बाळा,

तुझं पत्र मी गॅरेजात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि सुट्टी संपल्यावरही वाचत बसले. मुकादम काहीतरी म्हणाला. ऐकू न येण्याचे काही फायदे आहेत.

मला वाटत होतं, मी आईला टाकून गेले म्हणून तो माझ्याशी बोलत नाही. आणि तो वीतभर सुकाणू धरून बसला होता. तेहेतीस वर्षं.

त्याला सांग: मला कुठल्या वळणाने नेलं नाही. मी माझ्या पायांनी गेले, आणि ते बूट घालून गेले. नाही, असं नको सांगूस, तो म्हणेल ती नेहमीचीच उद्धट. मी बघते काय सांगायचं ते. आधी इंजिन.

काल संध्याकाळी मी भाकरी भाजायच्या पत्र्यावर दहा अक्रोड मांडले, पाच-पाचच्या दोन रांगा, आणि वडील असते तर कसे फिरले असते तसं फिरून बघितलं. डॉमिनिक इटलीचा; तो म्हणाला त्याच्या गावात अक्रोडांनी लग्नं ठरवतात. मी म्हटलं, आम्ही भांडणं मिटवतो.

आणि जमतं बघ. तू इंजिनासमोर उभा आहेस असं धर. पहिला, लांबच्या रांगेतला मधला. दुसरा, तुझ्या जवळच्या रांगेतला मधला. आता ह्या दोघांभोवती फिर: जवळचा डावीकडचा, वर लांबचा डावीकडचा, तिथून लांबचा उजवीकडचा, खाली जवळचा उजवीकडचा. सहा झाले. मग ह्या सहांच्या बाहेरून तसंच: डावा जवळचा, डावा लांबचा, उजवा लांबचा, उजवा जवळचा. दहा. एकदाही उलटं जावं लागत नाही. सूर्यच, फक्त मधून उगवून बाहेर पसरत गेलेला.

इंजिनाला ह्यातलं काही कळत नाही. मधून निघाला आणि सगळीकडे सारखा पोचला की त्याचं समाधान होतं. उजवीकडून फिर की डावीकडून, त्याची तक्रार नाही. मीच मूर्ख, सरळ सांगायच्या ऐवजी चर्चची वेळ शोधत बसले.

४०, ७५, ११०, तीनही फेऱ्या ह्याच वाटेने. दोन तास चालव, पूर्ण थंड होऊ दे, मग एकेक बोल्ट पाव फेरा सैल करून परत ११० ला आण. गॅस्केट दबतं, म्हणून बोल्ट ढिले पडतात. मग वाल्व्हची फट पुन्हा बघ. आणि शंभर तास चालल्यावर परत एकदा आवळायचे. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग मला बोलावतात.

जेव, काहीतरी जेव.

आत्या


केल्प कोव्ह
५ मे, बुधवार

प्रिय आत्या,

पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. रविवारी काम करायचं नाही, म्हणजे हातात फक्त शनिवार.

मी अक्रोड शोधले, नव्हते, म्हणून काकांच्या समोर मेजावर दहा बटाटे मांडले आणि बोटाने वाट दाखवली. काकांनी मला तीनदा फिरायला लावलं. मग बटाट्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले, कारण तिथून कदाचित उलटं दिसेल असं त्यांना वाटलं. तिथूनही सूर्याच्याच वाटेने दिसलं. ते म्हणाले, "हे तिने काढलं?" मी हो म्हटलं. म्हणाले, "अक्रोड मांडून?" मी हो म्हटलं. मग टोपी घालून शेडकडे निघाले.

मी भोकं पुन्हा पुसली, आट्यांना तेलाचा हात लावला, गॅस्केटची बाजू चार वेळा बघितली. काका आकडे मोजत होते, मी ओढत होतो. ७५ च्या फेरीत सहाव्या बोल्टाला माझा हात थांबला, कारण मला आठवेना की पाचवा झाला की नाही. काका म्हणाले, "झाला. मी बघतोय." ते मला असं कधी म्हणाले नव्हते. ११० झाल्यावर त्यांनी पाना हातात घेतला आणि एकाही बोल्टाला न लावता परत खाली ठेवला.

दोन तास चालवलं. मी पाण्यात तोंड घालून बघत होतो, अक्षरशः. एकही बुडबुडा नाही. संध्याकाळपर्यंत थंड झालं. मग बोल्ट उलटे फिरवून सैल करायची आणि परत आवळायची वेळ आली. काका ह्या वेळी बाहेर गेले नाहीत, पण टोपी डोळ्यांवर ओढली, आणि दहाही बोल्ट परत ११० वर येईपर्यंत ती तशीच ठेवून विचारत राहिले, "झाला का? हा झाला का?" वाल्व्हच्या फटी मी बघितल्या, तीन बदलल्या होत्या, नीट केल्या.

सोमवारी पहाटे साडेपाचला धक्क्यावर अठरा बोटी होत्या, आणि आपली त्यांत होती. दोनशे साठ पिंजरे लादले होते, बोट पाण्यात इतकी खाली बसली होती की मला भीती वाटली. इशारा झाला, सगळे एकदम सुटले. काकांनी कुणाला वाट न देता तोंड फिरवलं (उजवीकडूनच) आणि आपल्या जुन्या जागेवर आपण दुसरे पोचलो. दुसरेच, कारण पहिला विल्फ्रेड दूसे होता. त्याची स्वतःची बोट अजून चांगली चालते. परत येताना तो शेजारून गेला आणि त्याने इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला. काका ओरडून त्याला म्हणाले, "विल्फ्रेड, लांबी मोजायची असेल तर आता पोहून मोज."

आज तिसरा दिवस. इंजिन शनिवारपासून सत्तावीस तास चाललं आहे. मी दारामागे खडूने लिहितो. काल संध्याकाळी काकांनी जाळ्याच्या खोलीत माझ्या नावाचा खिळा ठोकला, समुद्रावर घालायचे तेलकपडे टांगायला. मी ऑन्टारियोला लिहून कळवलं आहे की मी येत नाही.

शंभर तासांनंतर बोल्ट आवळायचं मी विसरणार नाही. माझ्या हिशोबाने ते शनिवारी पंधरा तारखेला किंवा त्याच्या पुढच्या कामाच्या दिवशी येईल. पाना तोवर ठेवून घेतो आणि मग तेल लावून, नीट बांधून परत पाठवतो.

काकांनीही एक पत्र लिहिलं आहे. पाकीट स्वतः चिकटवलं, त्यामुळे आत काय आहे मला माहीत नाही. शुद्धलेखन बघून देऊ का असं विचारलं तर म्हणाले, तुझ्या कामाचं नाही.

तुझा,
डूगल्ड


केल्प कोव्ह
५ मे

इफी,

पोरगा पाना परत पाठवणार म्हणतोय. पाठवू देणार नाही. टपालात हरवतात.

बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, पंधरा तारखेला. मी त्याला सांगणार आहे की हे शेवटचं काम त्याच्याने व्हायचं नाही, जाणत्या माणसाला बोलवावं लागेल. हे खोटं आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याला सांगू नकोस, जेवणार नाही पुन्हा.

शुक्रवारी चौदा तारखेला सिडनीहून येणारी बस पावणेचारला चौकात थांबते. डॉमिनिकला आण, त्याला मासे साफ करता येत असतील तर. आईची खोली मी मोकळी केली आहे. मेणकापड उचकटून ठेवलं आहे, ते तुझ्या पद्धतीने घालू.

लॉखी